पिकअपला मोठे टायर घालायचे आहेत? आधी भार, मग उंची, शेवटी रुंदी

मागचे टायर गोटा झाले, की पिकअपच्या नव्या मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो: घालायचेच आहेत, तर एक माप मोठे घालू. गाडी थोडी वर उठेल, कलमांच्या बागेतल्या चढावर पोट घासणार नाही, चिरेखाणीच्या रस्त्याला दगड लागणार नाही, आणि गाडी दिसेलही भारदस्त. विचार चुकीचा नाही. देवगड-राजापूरपासून गुहागर-दापोलीपर्यंत बागेत, खाणीवर आणि बंदरावर धावणाऱ्या गाड्यांना थोडी जास्त उंची खरंच उपयोगी पडते. पण टायरचं माप बदललं की गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर, आरसी आणि विमा या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. आपल्याकडे घाट आहेत आणि चार महिने पाऊस आहे, त्यामुळे तो परिणाम सपाट मुलखापेक्षा जास्त जाणवतो.

माझं सांगणं एवढंच आहे, की कोकणात टायर निवडताना क्रम पाळा. आधी टायर किती भार पेलतो ते बघा. मग उंची ठरवा. रुंदीचा विचार सगळ्यात शेवटी करा. दुकानात बहुतेक वेळा याच्या उलट घडतं, कारण रुंद टायर चटकन डोळ्यात भरतो.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

समजा तुमच्या टायरच्या कडेला २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा एक प्रकार. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एवढ्यावरून टायरची पूर्ण उंची काढता येते. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५, भिंत वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट करायची, ३२२.५. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन्हींची बेरीज ७०३.५ मिलिमीटर. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब याच्यावर आहे.

जुन्या पद्धतीची मापं वेगळी दिसतात, उदाहरणार्थ ७.०० आर १५. यात रुंदीचा आकडा इंचांत असतो आणि भिंतीची टक्केवारी लिहिलेली नसते. हा टायर अरुंद आणि उंच असतो, साधारण ७५० मिलिमीटर भरतो.

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं १०९ एस किंवा ११४/११२ एल. या आकड्याला लोड इंडेक्स म्हणतात. एका टायरने जास्तीत जास्त किती किलो पेलायचे, हे तो सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १,०३०, ११४ म्हणजे १,१८०. दोन आकडे असतील तर पहिला एकेरी टायरसाठी आणि दुसरा जोडटायरसाठी. अक्षर वेगाचं असतं: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन १४०, क्यू १६०, एस १८०. पिकअपसाठी वेगाच्या अक्षराची फार चिंता करायचं कारण नाही, कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नका म्हणजे झालं.

शेवटी ८ पीआर किंवा १० पीआर (प्लाय रेटिंग) असं काहीतरी लिहिलेलं असतं. टायर किती मजबूत बांधणीचा आहे, ते यावरून कळतं. पूर्वी टायरमध्ये खरोखर तेवढे थर असत. आता थर कमी असले तरी तेवढ्याच ताकदीचा टायर, असा त्याचा अर्थ. मापाच्या जवळ एलटी किंवा सी हे अक्षर असेल, तर तो टायर मालवाहू गाडीसाठी बनवलेला आहे. हे अक्षर शोधाच.

भार: इथे घाई करू नका

आरसी बाहेर काढा. मालवाहू गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन असतं. पुढच्या-मागच्या ॲक्सलवर किती वजन चालतं तेही नोंदणीच्या कागदांत असतं. आपल्याला हवा तो मागच्या ॲक्सलचा आकडा. पिकअपमध्ये माल भरला की बहुतेक वजन मागे जातं, आणि तिथे दोनच टायर असतात.

समजा मागच्या ॲक्सलची मर्यादा १,८५० किलो आहे. दोन टायरांत वाटली तर प्रत्येकी ९२५, म्हणजे कागदावर लोड इंडेक्स १०५ पुरतो. पण कागदावर गाडी सपाट रस्त्यावर उभी असते. आंबा घाटातल्या किंवा करूळ घाटातल्या वळणावर माल एका अंगाला कलतो आणि बाहेरच्या टायरवर निम्म्याहून बराच जास्त भार येतो. खड्ड्यात चाक आदळलं तर क्षणभर त्याहूनही जास्त. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा निदान तीन-चार पायऱ्या वरचा टायर घ्या; वरच्या उदाहरणात १०९ किंवा त्याच्या पुढचा. आणि कंपनीने गाडीसोबत दिलेल्या टायरचा लोड इंडेक्स ही खालची हद्द समजा. नवा टायर कितीही मोठा दिसो, त्याचा आकडा जुन्यापेक्षा कमी असेल तर तो परत ठेवा.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. मोठ्या मापाचे जे टायर दुकानात पटकन मिळतात, त्यांतले पुष्कळसे एसयूव्हीसाठी, म्हणजे माणसं नेणाऱ्या गाडीसाठी बनवलेले असतात. २३५/७५ आर १५ याच मापाचा एक टायर पॅसेंजर गाडीचा असतो आणि दुसरा एलटी. शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पॅसेंजर टायर पिकअपला लावायचा झाला, तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरायची, असा टायरच्या धंद्यात मानला जाणारा नियम आहे. म्हणजे १०५ चा, ९२५ किलोचा टायर मालगाडीखाली ८४० किलोंचाच उरतो. टायर मोठा घेतला आणि ताकद घटली! एप्रिलच्या उन्हात पेट्या भरून रात्री वाशी मार्केटला निघालेल्या गाडीखाली असा टायर असणं धोक्याचं आहे.

आमच्याकडचे जुने मेस्त्री म्हणतात, "टायर मोठो घातलो म्हणून पासिंग वाढणा नाय." पासिंग म्हणजे इथे गाडीला मंजूर असलेला भार. तंतोतंत खरं आहे. दीड टनाची गाडी मोठ्या टायरवरही दीड टनाचीच राहते. पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी, सगळं तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. चिरा आणि वाळू नेणाऱ्यांनी तर एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊनच बघावी. ओला चिरा कोरड्यापेक्षा जड असतो, आणि पावसाळ्यात तेवढ्याच नगांची खेप काट्यावर जास्त भरते.

भाराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे हवा. लोड इंडेक्सवरचे किलो टायर तेव्हाच पेलतो, जेव्हा त्यात ठरलेली हवा असते. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते, आतून तापते, आणि महामार्गाच्या काँक्रीटवर तासभर सलग धावल्यावर फुटते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेली हवा कंपनीच्या मूळ मापासाठी असते. माप बदललं की टायर कंपनीचा भार-हवेचा तक्ता दुकानदाराकडून मागून घ्या आणि त्याप्रमाणे भरा. टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल पीएसआयच्या वर कधीच जाऊ नका. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. घाट चढून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणाऱ्यांच्या गाड्या सकाळी कमी हवेवर निघतात.

उंची: तीन टक्क्यांच्या आत

आता तो ७०३.५ चा आकडा घ्या. त्याच रिमवर २२५/७५ आर १५ घातला तर उंची होते ७१८.५, म्हणजे सुमारे २.१ टक्के जास्त. २३५/७५ आर १५ घातला तर ७३३.५, म्हणजे ४.३ टक्के जास्त. ७.०० आर १५ घातला तर साडेसहा टक्क्यांच्या वर. आणि गाडी वर किती उठली? टायर जेवढा वाढतो त्याच्या निम्मी, कारण वाढीचा अर्धा भाग ॲक्सलच्या वर जातो. २२५ ला साडेसात मिलिमीटर, २३५ ला १५, ७.०० ला २३ च्या आसपास.

दीड सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा रस्त्याच्या मधल्या उंचवट्याला घासायचा असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. मात्र त्याआधी एक गोष्ट बघा. गाडी नेमकी कुठे घासते? डिफरन्शियल किंवा मागचा ॲक्सल घासत असेल, तर टायरशिवाय दुसरा उपाय नाही. पण सायलेन्सर, स्टेपनी किंवा मागचा मडफ्लॅप घासत असेल, तर बहुतेक वेळा दोष टायरचा नसून पाट्यांचा असतो. चार-पाच मोसम पेट्या आणि खत वाहून पाटे सपाट झालेले असतात. पाट्यांना कमान काढून घेतली किंवा तुटलेला पाटा बदलला, तर गाडी मूळ उंचीवर येते आणि मोठ्या टायरची गरजच उरत नाही. मोठे टायर मागायला आलेल्या कितीतरी गाड्यांना खरं तर पाट्यांचं काम हवं असतं.

उंचीची किंमत घाटात मोजावी लागते. टायर ४.३ टक्के उंच झाला, की चाकाशी मिळणारी ओढ साधारण ४ टक्के कमी होते. सपाटीवर हे कळत नाही. कुंभार्लीचा चढ मालासकट चढताना मात्र जिथे दुसरा गिअर पुरत होता, तिथे पहिला टाकावा लागतो, आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना क्लच जास्त झिजतो. बागेच्या तोंडाशी उभ्या चढावर रिव्हर्स घेताना तर याचा अनुभव लगेच येतो.

उताराला परिणाम जास्त गंभीर. घाट आपण इंजिनवर उतरतो, म्हणजे ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये गाडी धरून. उंच टायरमुळे त्याच गिअरमध्ये, इंजिनच्या त्याच फेऱ्यांवर, गाडी थोडी जास्त पळते आणि इंजिन तिला थोडं कमी धरून ठेवतं. उरलेलं काम ब्रेकवर येतं. आणि मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला जोरही जास्त लागतो. आंबोली उतरताना पावसात ब्रेक-लायनिंगचा वास येऊ लागला, तर त्यामागे असंही कारण असू शकतं. म्हणून माझी हद्द तीन टक्क्यांची. मालवाहू गाडीने त्याच्या पुढे जाऊ नये, आणि घाटमार्गावर रोज चालणाऱ्या गाडीने शक्यतो दोन टक्क्यांत राहावं.

मीटरही चुकतो. ४.३ टक्के उंच टायरवर मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२.६ ने पळत असते; ८० दाखवतो तेव्हा ८३ च्या पुढे असते. स्पीड गव्हर्नर (वेगावर मर्यादा घालणारं यंत्र) असेल तर त्याचाही हिशेब बिघडतो. उलट किलोमीटर कमी नोंदले जातात: प्रत्यक्षात १०४ झाले तरी मीटरवर १००. ॲव्हरेज घटल्यासारखं वाटतं, त्यातला काही भाग हाच असतो. बाकीचा खरा असतो, कारण टायर जडही झालेला असतो. ऑइल बदलायला मीटरवर जाणाऱ्यांनी थोडं आधी जावं.

कागद: दुकानात जाण्याआधी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. मालवाहू गाडीच्या नोंदणी अर्जात प्रत्येक ॲक्सलच्या टायरची संख्या आणि माप यांसाठी रकाने असतात, म्हणजे टायर हा नोंदीचाच भाग आहे.

यातून सरळ वाट आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांना कंपनी कधी कधी वेगवेगळी मापं देते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आणि डीलरकडे चौकशी करा, की याच चासीला, याच भारवर्गाला कंपनीने आणखी कोणतं माप मान्य केलं आहे. तसं माप असेल तर तेच घ्या. हिशेब कंपनीने आधीच केलेला असतो. नसेल तर मूळ मापातच जास्त पीआरचा, जास्त लोड इंडेक्सचा टायर बघा. माझ्या मते कोकणातल्या बहुतेक पिकअपवाल्यांचं काम एवढ्यावरच होतं.

पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, करावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. तिथे टायर मडगार्डच्या बाहेर आलेले दिसले किंवा माप नोंदीशी जुळलं नाही, तर गाडी परत पाठवली जाऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीतले बदल बघतो, हेही लक्षात ठेवा. माप बदलणार असाल तर आरटीओत आणि विमा एजंटाकडे आधी विचारा, आणि शक्यतो उत्तर लेखी घ्या.

रुंदी आणि पाऊस

रुंद टायर जास्त पकड देतो, असा समज आहे. कोरड्या डांबरावर त्यात तथ्य आहे. पण जुलैमध्ये महामार्गावर पाण्याचा थर साचलेला असतो, तेव्हा टायरला आधी ते पाणी बाजूला सारावं लागतं. रुंद टायरच्या वाटेत जास्त पाणी येतं, आणि सारायला वेळ मिळाला नाही की टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप यात सगळ्यात आधी सापडते, कारण तिचा मागचा भाग हलका असतो.

चिखलातही तेच. बागेतल्या वाटेवर वर तांबड्या मातीचा लगदा असतो आणि खाली बहुधा जांभ्याचा कातळ. अरुंद टायर लगदा कापून कातळापर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो; रुंद टायर लगद्याच्या वरच फिरत राहतो. किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत रुंद टायर बरा, हे खरं. पण पिकअपचं काम तिथे किती असतं?

म्हणून रुंदी वाढवायचीच असेल तर एकच पायरी, १० मिलिमीटर. त्याच्या पुढे गेलात तर रिमही बदलावी लागू शकते.

नक्षी

थोडक्यात सांगतो. मासळी, आंबा, किराणा घेऊन मुख्यतः डांबरावर चालणाऱ्या गाडीला सरळ रेघांची, रिब नक्षी. खाणीवर आणि बागेत रोज जाणाऱ्या गाडीला मागे लगची (जाड ठोकळ्यांची) किंवा ऑल-टेरेन नक्षी, पुढे रिब. मोठ्या गोट्यांचे मड-टेरेन टायर कोकणातल्या मालवाहू गाडीला घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या काँक्रीटवर, शेवाळलेल्या घाटीवर त्यांची पकड कमी पडते, आवाज करतात आणि डांबरावर लवकर झिजतात. चिरेखाणीवर जाणाऱ्यांनी नक्षीपेक्षा टायरच्या भिंतीकडे लक्ष द्यावं. जांभ्याच्या तुकड्यांची धार टायर फाडते ती कडेला.

रिम, जागा आणि स्टेपनी

प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमची रुंदी ठरलेली असते. २१५/७५ आर १५ ला साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालते, २३५/७५ आर १५ ला सहा ते आठ. तुमची रिम साडेपाचची असेल तर २३५ तिच्यावर बसवता कामा नये. बसवणारा बसवून देईलही, पण टायर मधोमध फुगलेला राहतो, मध्येच झिजतो आणि वळणावर डोलतो. रिमची रुंदी डिस्कवर (चाकाच्या लोखंडी तबकडीवर) कोरलेली असते, माती खरवडून वाचा. रिम ट्यूबची आहे की ट्यूबलेसची तेही बघा. ट्यूबलेसच्या रिमला टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा असतो. तो नसलेल्या रिमवर ट्यूबशिवाय टायर चालवू नका. ट्यूब घालायची असेल तर ती टायरच्या मापाचीच हवी, जुनी लहान ट्यूब ताणून घालायची नाही.

जागा तपासायची रीत अशी. आधी मूळ टायरवरच बघा: स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून, चाकाच्या आतल्या बाजूला पाटा, रॉड, ब्रेकचा पाइप आणि मडगार्ड यांच्यापासून किती अंतर उरतं ते मोजा. नवा टायर बसवल्यावर हीच तपासणी भरलेल्या गाडीवर करा, आणि एक चाक दगडावर चढवून, म्हणजे पाटा पूर्ण दबलेला असताना करा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून गाडी हळू फिरवली, की कुठे घासतं ते पुसलेल्या खडूवरून कळतं. कोरड्या दिवसात बोटभर जागा पुरेशी वाटते, पण जुलैत मडगार्डच्या आत तांबडी माती थापली जाते, वाळते आणि घट्ट बसते. तिच्यासाठी आणखी जागा सोडा. ब्रेकच्या पाइपला टायर लागत असेल, तर ते माप तुमच्या गाडीचं नाहीच.

टायर पाच घ्या, चार नव्हे. मागच्या ॲक्सलवर एक मोठा आणि एक जुन्या मापाचा टायर लावला, तर दोन चाकं वेगवेगळ्या फेऱ्या मारतात आणि डिफरन्शियल सतत झिजत राहतो. फोर-बाय-फोर गाडीत तर चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. एका ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन (जुन्या बांधणीचे) टायर मिसळू नका. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत पूर्ण वर चढते का, तेही दुकानातच करून बघा. खाली लोंबकळणारी स्टेपनी पहिल्याच खाचेत आपटते, आणि खाऱ्या हवेने गंजलेली तिची साखळी तुटायला वेळ लागत नाही.

दुकानात

टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना टायर नव्याच्या भावाने घेऊ नका. आयएसआय खूण असलीच पाहिजे. पाचही टायरचे सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, नंतर भिंतीला फुगा आला तर वॉरंटी मागताना तेच लागतात. रिसोल केलेले टायर पुढे कधीच नकोत.

घ्यायचे कधी? आंब्याच्या गाडीसाठी फेब्रुवारीत. मोसम नव्या टायरवर निघतो आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो तेव्हाही नक्षी भरपूर शिल्लक असते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते; टायरच्या खाचांत तेवढ्या उंचीच्या खुणाच असतात. पण कोकणच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी नीट सारत नाही. तो पावसाआधी बदला.

बसवल्यानंतर

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, ओळीने नाही. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळा. नवी डिस्क किंवा नुकताच रंग दिलेली डिस्क असेल तर हे विसरूच नका, कारण रंग दबला की नट सैल पडतात. मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघून मीटर किती चुकतो ते ताडून घ्या, आणि दुसरा कोणी गाडी चालवत असेल तर त्यालाही सांगा.

पहिला घाट रिकाम्या गाडीने करा, दुसरा अर्ध्या मालाने. उताराला नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवून बघा. ब्रेकच्या पॅडलखालचा अंदाज नव्याने बसायला थोडे दिवस लागतात.

बंदरावर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासळी भरून उभ्या पिकअपच्या मागच्या चाकाजवळ वाकून बघा. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं रिमच्या आतल्या कडेवर ठिबकत असतं, आणि जिथे ते ठिबकतं तिथे रंग सुटून तपकिरी पापुद्रे आलेले असतात. टायरची कड याच जागी रिमला चिकटून हवा धरते. पापुद्रे वाढले की ट्यूबलेस टायरची हवा दर आठवड्याला उतरू लागते आणि पंक्चर मात्र सापडत नाही. म्हणून नवे टायर चढवण्याआधी रिम घासून, गंज काढून, रंगवून घ्या. व्हॉल्व्ह नवे घाला आणि त्यांना टोपण लावा. खेप टाकून आल्यावर चाकं आतल्या बाजूने गोड्या पाण्याने धुवा. नटांच्या आट्यांवर मात्र ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याने ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात.

हजार किलोमीटरनंतर चारही टायरवरून हाताचा तळवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. त्यानंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा, पण पुढे रिब आणि मागे लग असेल तर फक्त डावे-उजवे बदला.